पाटीवर 'फॅमिली' का लिहावं लागलं?

वसमत रोडनं, जिंतूर रोडनं नाहीतर गंगाखेड रोडनं शहराबाहेर निघा आणि रस्त्याकडेच्या पाट्या वाचत जा. 'फॅमिली रेस्टॉरंट', 'फॅमिली गार्डन', 'फॅमिली ढाबा', 'फॅमिलीसाठी स्वतंत्र व्यवस्था'. किराणा दुकानावर असं कुणी लिहीत नाही. दवाखान्यावर लिहीत नाही. मग जेवणाच्याच जागेवर का सांगावं लागतं, की इथं बायकालेकरं आणली तरी चालतील?

कारण हॉटेल ही जागा मुळात बायकालेकरांची नव्हतीच.

रविवारी संध्याकाळी एक लेकरू गाडीच्या टाकीवर, एक मधे दाबून पावभाजी खायला निघालेलं घर दिसलं की जुनी माणसं म्हणतात, आमच्या वेळी असले लाड नव्हते. हे अर्धंच खरं आहे. लाड होते, फक्त हॉटेलात नव्हते. आपल्याकडं अख्खं घर बाहेर पडायचं ते देवाला, लग्नाला, बाजाराला नाहीतर शेताला. आणि जिथं जाईल तिथं आपलं जेवण सोबत घेऊन जायचं. दुधात मळलेल्या दशम्या, धपाटे, लसणाची नाहीतर शेंगदाण्याची चटणी, फडक्यात बांधलेला कांदा. दशमी दुधात का मळायची? दोन दिवस टिकते म्हणून, आणि पाणी न लागल्यानं सोवळ्याओवळ्याला चालते म्हणूनही. हा दुसरा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

आपल्या जिल्ह्यातल्या लेकरानं आईबापासोबत केलेला सगळ्यात जुना, सगळ्यांच्या तोंडी असलेला प्रवास कुणाचा? गंगाखेडच्या जनीचा. परंपरा सांगते की आईबाप तिला लहानपणीच पंढरपूरला घेऊन गेले आणि ती तिथंच दामाशेटींच्या घरी राहिली. पुढं ती संत जनाबाई झाली म्हणून आपल्याला माहीत. देवाला नेलेली आणि परत न आलेली बाकीची लेकरं कुणाला माहीत? जात्रेला नेणं म्हणजे सहल, नवस, आणि घरात खाणारी तोंडं जास्त झाली तर कुणाच्या तरी पदरात टाकणं, हे सगळं एकाच वाटेवरचं होतं. तरी गंमत बघा, पुढच्या काळात विठोबा आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो तो अंगाखांद्यावर लेकरं घेऊन चाललेला बाप म्हणून. त्या चित्रामागं जनाबाईचं नाव आहे.

शेतातलं जेवण हा दुसरा लाड. आपला मुलूख ज्वारीचा. थंडीत हुरडा आला की आगटीभोवती लेकरं बसायची, हात काळे, तोंड काळं. आता याला 'हुरडा पार्टी' म्हणतात आणि ताटाचे पैसे घेतात. घ्यावेत बापडे, शेतकऱ्याला दोन रुपये मिळतात. गंगाखेड-पालमकडं, लातूरच्या शेजारानं, येळवस जोरात असते. मार्गशीर्ष अमावस्येला सगळं घर रानात. कडब्याची कोप, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, खीर. त्या दिवशी ज्याला शेत नाही त्यालाही कुणीतरी बोलावतं. ज्या घरात बाईला एरवी सगळ्यांची ताटं झाल्यावर जेवायला मिळायचं, ती त्या दिवशी सगळ्यांच्या बरोबरीनं बसलेली लेकरांना दिसायची. मला हे येळवशीचं सगळ्यात मोठं काम वाटतं.

आणि बाजार. आठवडी बाजाराला बाप जायचा. येताना रुमालाच्या टोकाला बांधून गोडीशेव, फुटाणे, रेवड्या, कधी भजे आणायचा. कागदाला तेल सुटलेलं असायचं, भजे गार झालेले असायचे. बाहेरचं खाणं घरी यायचं, घर बाहेर जात नव्हतं. 'बाजारातून काय आणलं?' हा लेकरांचा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

आता हॉटेलाकडं येऊ. तालुक्याच्या गावात, स्टेशनजवळ, पुढं एसटी स्टँडजवळ हॉटेलं आली. १९०० साली निजामाच्या राज्यात मनमाड–हैदराबाद मीटरगेज सुरू झाली तेव्हा परभणी आणि पूर्णा रुळावर आले. पूर्णा तर पुढं रेल्वेचंच गाव झालं. १९३२ साली निजामाच्या रेल्वे खात्यानं बस सुरू केल्या, २७ गाड्यांनिशी. (पुणे–अहमदनगर एसटी धावली ती १ जून १९४८ ला. मराठवाडा सगळ्याच बाबतीत मागं होता असं म्हणणाऱ्यांसाठी ही माहिती.) माणसं फिरायला लागली तसे चहा, भजे, पुरीभाजी मांडून बसणारे वाढले. पण फिरणारी माणसं म्हणजे बाप्ये. कोर्टाचं काम, आडतीचं काम, तहसील. बाकड्यावर एक पाय वर घेऊन बशीतून चहा ओढायचा, बिडी शिलगवायची. तिथं लेकरू कडेवर घेतलेली बाई आली तर सगळे माना वळवून बघायचे. ती मग बाहेर झाडाखाली थांबायची, नवरा आत जाऊन लेकरासाठी कपात दूध आणून द्यायचा.

पण बाहेर थांबणाऱ्यांत दुसरेही होते, आणि त्यांना कुणी कपही आणून देत नव्हतं. गावोगावच्या हॉटेलांत दलितांसाठी वेगळ्या कपबशा असायच्या, त्याही बाहेर वळचणीला, पिऊन स्वतःच धुऊन ठेवायच्या. बापाला हे सोसावं लागायचं ते वेगळं, आणि लेकराचा हात धरलेला असताना सोसावं लागायचं ते वेगळं.

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये १९०१ सालचा आपला एक प्रवास लिहून ठेवलाय. तेव्हा ते दहाएक वर्षांचे. वडील सातारा जिल्ह्यात गोरेगावला नोकरीला. भीमराव, त्यांचा मोठा भाऊ आणि बहिणीची दोन मुलं, अशी चार पोरं सुट्टीत वडिलांकडं निघाली. नवे सदरे, जरीच्या टोप्या, नवे बूट. मसूर स्टेशनला उतरली. न्यायला कुणी आलं नव्हतं. जात कळल्यावर गाडीवाले न्यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाड्यावर एक तयार झाला, तोही या अटीवर की गाडी पोरांनीच हाकायची, तो चालत येणार. सोबत घरून बांधून दिलेलं जेवण होतं. भरपूर होतं. पण पाणी नव्हतं, आणि रात्रभर कुणी दिलं नाही. डबा भरलेला, लेकरं उपाशी. सहलीचा एवढा वाईट वृत्तांत दुसरा नसेल.

त्याच पुस्तकात १९३४ सालची दौलताबादची हकीकत आहे. ती तर आपल्या मराठवाड्यातली. सोबत्यांसह वेरूळला जाताना मंडळी किल्ला बघायला थांबली, दाराजवळच्या हौदाच्या पाण्यानं हातपाय धुतले, आणि त्यावरून गलका झाला. किल्ला बघायला गेलेल्या माणसांना पाण्यावरून अडवलं. शिदोरी घरची असली तरी पाणी वाटेवरचंच लागतं, आणि वाटेवरचं पाणी कुणाचं, हाच प्रश्न होता. ज्यांची दशमी सोवळ्यातली होती त्यांना तो पडला नाही.

म्हणून संविधानाचं १५ वं कलम एकदा सावकाश वाचा. परभणीकरांना संविधान म्हणजे काय हे वेगळं सांगायची गरज नाही, तरी वाचा. दुकानं, हॉटेलं, करमणुकीच्या जागा, विहिरी, तळी, घाट यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. तिथं धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कुणाला अडवता येणार नाही. देशाच्या सर्वोच्च कायद्यात 'हॉटेल' हा शब्द आलाय, कारण तिथं अपमान होत होता. आणि त्याच कलमात लगेच खाली म्हटलंय, की महिला आणि मुलांसाठी सरकारला विशेष सोयी करता येतील. हॉटेल आणि लेकरं एकाच कलमात. पुढं १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा आला, त्यात हॉटेलात मज्जाव हा गुन्हा ठरला. गावातल्या कपबशा एक व्हायला त्यानंतरही बराच काळ गेला, हे आपल्यातल्या पन्नाशी-साठीच्या माणसांना सांगायला नको.

१९७२ चा दुष्काळ. मायबाप दोघंही खडी फोडायला, तलावाच्या कामावर. तान्ही लेकरं झाडाच्या झोळीत, चालती लेकरं धुळीत. खायला लाल मिलो आणि सुकडी. त्या पिढीतल्या कित्येकांना बाहेरच्या हातचं पहिलं खाणं म्हणून सुकडीच आठवते. आणि चव विचारली तर डोळे मिटून सांगतात, गोड होती. पुढं रोजगार हमीचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू. कामावरच्या लेकरांची सोय ही त्यातून आलेली गोष्ट आहे. पुढं मनरेगातही सहा वर्षांखालची पाच लेकरं कामावर असली तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची आणि तिला मजुरी द्यायची, अशी तरतूद केली गेली. कागदावर हं. तुमच्या गावातल्या कामावर ती बाई कोण होती, हे ग्रामसभेत विचारून बघा.

त्याच १९७२ साली, १८ मे रोजी, परभणीत कृषी विद्यापीठ आलं. नोकरदार घरं आली, ठरलेल्या तारखेला पगार आला, नवरा-बायको-दोन लेकरं असा संसार आला. हॉटेलवाल्यांना हे लगेच कळलं. मग 'फॅमिली रूम' आली. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो: हॉटेलाच्या मागच्या अंगाला प्लायवूडचे खण, पुढं पडदा नाहीतर अर्धं दार. आत चार माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसणार. पंखा असला तर नशीब. पोरगा पडद्यातून डोकं बाहेर काढायचा आणि आई त्याला आत ओढायची. डोसा यायचा, चौघांत दोन. पहिल्यांदा काटा-चमचा हातात धरायचा तो तिथंच. पडद्यामागं का होईना, बाई हॉटेलात बसली. मला ही छोटी गोष्ट वाटत नाही.

पडदा गेला, दारूचे परमिट रूम आले, आणि आता 'फॅमिली' या शब्दाचा अर्थ झाला 'इथं पिणारे नाहीत, किंवा असले तर पलीकडं आहेत'. जुनी भीती गेली, नवी आली, पाटी तीच राहिली.

मग काल काय होतं आणि आज काय आहे? येलदरीचं धरण १९६८ ला पूर्ण झालं, तेव्हापासून भाकरी बांधून तिकडं जाणारी घरं आहेत. औंढ्याला जाणारी आहेत. १९९९ पर्यंत औंढा आपल्याच जिल्ह्यात होतं, शाळेची पहिली सहल बहुतेकांची तिथलीच. आणि १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. पाच ते बारा वर्षांच्या लेकराचं आधीपासून अर्धंच. आई अर्धी, लेकरू अर्धं, दोघं मिळून एक तिकीट. पाचच्या आतलं मांडीवर, फुकट. धारासूरचं गुप्तेश्वर, चारठाण्याची मंदिरं, नेमगिरी, सगळं आवाक्यात आलं. यावर शहरातले लोक चेष्टा करतात की बायका नुसत्या फिरायला लागल्या. फिरू द्या की. आज्या फिरल्या नाहीत, त्यांचंही फिरणं बाकी आहे.

प्रश्न उतरल्यावरचा आहे. देवळापाशी उतरलेल्या, कडेवर लेकरू असलेल्या बाईला पाणी, संडास, सावली आणि पाजायला आडोसा लागतो. बस्स, चार गोष्टी. यातली एकही ढाब्यावर पैसे न देता मिळत नाही. आपलं शहर २०११ च्या जनगणनेत तीन लाखांच्या वर गेलं, त्याच साली महानगरपालिका झाली. राजगोपालाचारी उद्यान आहे, विद्यापीठाचा परिसर आहे. पण तीन लाखांच्या गावाला लेकरं खेळवायला एवढ्यानं भागतं का? म्हणून घसरगुंडी कुठं, तर हॉटेलाच्या लॉनवर. झोका कुठं, हॉटेलाच्या लॉनवर. लेकराला घसरगुंडी खेळवायची तर आधी पनीर मागवावं लागतं. हॉटेलवाल्याला मी दोष देत नाही, त्यानं जागा बघितली आणि सोय केली. ज्यांच्याकडं नळपट्टी, घरपट्टी भरतो त्यांनी बघितली नाही. ज्याची पनीरची ऐपत नाही त्याचं लेकरू रस्त्यावर खेळतं, आणि रस्त्यावर काय वाहतं ते आपण रोज बघतो.

एक जागा मात्र अजून सगळ्यांची आहे. तुराबुल हक बाबांचा उरूस. २ फेब्रुवारी आला की दर्गा रोड माणसांनी फुलतो. हिंदू-मुसलमान, खेड्यातले-शहरातले, टोपीवाले-फेटेवाले, सगळे लेकरं घेऊन. आकाशपाळणा, मौत का कुआं, बांगड्या, हलवा-पराठा. पराठा एवढा मोठा की लेकरू आधी त्याच्याकडंच बघत राहतं. तिथं कुणालाही 'फॅमिली' अशी पाटी लावावी लागत नाही. माईकवर हरवलेल्या लेकराचं वर्णन सांगतात, शर्ट कोणत्या रंगाचा, पायात चप्पल आहे का नाही, आणि गर्दीतली प्रत्येक आई आधी आपल्या हाताकडं बघते.

पुढच्या उरुसाला जाल तेव्हा दोन गोष्टी बघून ठेवा. प्यायच्या पाण्याची टाकी कुठंय, आणि तान्हं लेकरू पाजायला बाया कुठं बसल्यात. दुकानाच्या मागं, ट्रकच्या आडोशाला बसलेल्या दिसल्या तर फोटो काढू नका, जागा लक्षात ठेवा आणि आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकाला ती जागा दाखवायला घेऊन जा.