पडशाच्या औषधाची परीक्षा

पडसें हा मोठा उदार रोग आहे. कोणताही काढा घ्यावा, कोणतीही गोळी गिळावी, आठवड्याभरांत तें आपोआप ओसरतें आणि श्रेय शेवटीं घेतलेल्या औषधाला मिळतें. त्यामुळें प्राणघातक रोगाचें औषध पारखणें एक वेळ सोपें. पडशाचें पारखणें अवघड. इंग्लंडला याचा अनुभव भर महायुद्धांत आला.

लंडनचे रसायनशास्त्रज्ञ हॅरोल्ड रेस्ट्रिक यांनीं एका बुरशीपासून पॅट्युलिन नांवाचें द्रव्य मिळविलें होतें. ते दिवस पेनिसिलिनच्या कीर्तीचे. बुरशींतून आणखी एखादें रत्न निघणारच, अशी सर्वांची समजूत. आरमारांतील पडसें झालेल्या लोकांना तें दिलें, तों दोन दिवसांत निम्म्याहून अधिक बरे झाले. औषध न मिळालेल्यांपैकीं दशांशही नव्हे. १९४३ सालीं ही वार्ता ‘लॅन्सेट’मध्यें झळकली. कारखाने अखंड चालविण्याच्या विवंचनेंत असलेल्या देशाला हें वरदानच वाटावें!

वैद्यकीय संशोधन मंडळ मात्र उतावळें झालें नाहीं. त्या हिवाळ्यांत त्यानें कारखान्यांतील व कचेऱ्यांतील हजाराहून अधिक पडसेग्रस्तांना नाकांत घेण्याचें पाणी दिलें. कोणाच्या पाण्यांत पॅट्युलिन आहे, हें रोग्याला ठाऊक नव्हतें आणि देणारालाही नव्हतें. बाटल्यांवर केवळ अक्षरें होतीं. सारी मेख या अज्ञानांतच आहे. घेणाराची आशा आणि देणाराचा उत्साह दोन्ही त्यामुळें दाराबाहेर राहिलीं. निकाल १९४४ सालीं लागला: दोन्हीकडचे लोक सारखेच बरे झाले. पुढें तर पॅट्युलिन विषारी ठरलें. सफरचंदाच्या रसांत तें किती असावें यावर आज भारतांतही कायद्याची मर्यादा आहे.

१९५० सालीं याच मंडळानें पडशावरील अँटिहिस्टॅमिन गोळ्यांचाही असाच निकाल लावला. नाक मोकळें करण्यासाठीं पोटांत घ्यावयाच्या फिनिलेफ्रिनची पाळी फार उशिरां, २०२३ सालीं आली. अमेरिकेंतील सरकारी सल्लागार समितीनें तें निरुपयोगी असल्याचें एकमतानें सांगितलें.

निरुपयोगी असणें वेगळें आणि अपायकारक असणें वेगळें. १९९० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन प्रयोगांत ६० निरोगी स्वयंसेवकांच्या नाकांत पडशाचे विषाणू मुद्दाम सोडले होते. ॲस्पिरिन किंवा पॅरासिटामॉल घेणारांच्या रक्तांत प्रतिकारद्रव्यें कमी तयार झालीं आणि नाकाचा त्रास उलट वाढला. प्रयोग लहान, डोकेदुखीनें बेजार झालेल्यानें गोळीला शिवूं नये, इतका अर्थ त्यांतून काढणें अतिरेकाचें होईल. पण गोळीनें पडसें लवकर जातें, या समजुतीला त्यांत कांहींच आधार सांपडला नाहीं.