कान केव्हा व कोठे टोचावेत?

भगिनींनो, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, पुढे आपल्या भोसरीस कारखाने आले व गावोगावच्या लेकीसुना येथे नांदू लागल्या. प्रत्येकीची चाल निराळी. कोणी बाराव्या दिवशीच बाळाचे कान टोचण्याचा आग्रह धरते, तर कोणी थांबा म्हणते.

याविषयी जुना आधार सुश्रुतसंहितेत, सूत्रस्थानाच्या १६ व्या अध्यायात सापडतो. तेथे काळ सांगितला आहे तो ६ व्या किंवा ७ व्या महिन्याचा! सूर्यप्रकाश पाळीतून आरपार दिसेल तेथेच टोचावे. मुलाचा उजवा, मुलीचा डावा कान आधी. मग कापसाची वात घालून तेल सोडावे. जागा चुकल्यास शिरा दुखावून ताप व सूज येते, असेही बजावले आहे.

पुढे हे काम सोनाराच्या सराईत हाती आले. 'सोनारानेच कान टोचावे लागतात' ही म्हण त्या विश्वासाचीच साक्ष होय.

आज बाळास ६, १० व १४ आठवड्यांच्या लसींतून धनुर्वातापासून संरक्षण मिळते. त्या पुऱ्या होऊ द्याव्यात. मग डॉक्टर असो वा सोनार, सुई निर्जंतुक आहे ना, एवढे मात्र आईने विचारावेच. यात रूढी मोडत नाही. जुन्या ग्रंथाचाच काळ पाळला जातो.