पडद्यावरचा डमरू आणि पुठ्ठ्याचा संगणक

२६ जानेवारी १९९९ रोजी दिल्लीच्या कालकाजी भागात, एनआयआयटी या कंपनीच्या कार्यालयाच्या भिंतीला भोक पाडून त्यात एक संगणक बसवण्यात आला. भिंतीपलीकडे झोपडवस्ती होती. सुगत मित्रा यांनी मांडलेला हा प्रयोग पुढे ‘भिंतीतले भोक’ या नावाने जगभर गाजला, आणि त्यातून शिक्षणाविषयी बरेच वादही झाले. त्या वादांच्या गदारोळात प्रयोगातील एक लहानशी नोंद मात्र मागे पडली. संगणक न शिकवता हाती आलेल्या त्या मुलांनी पडद्यावरच्या चिन्हांना स्वतःची नावे दिली होती. इकडून तिकडे सरकणारा बाण म्हणजे ‘सुई’. संगणक कामात गुंतला की उमटणारे वाळूचे घड्याळ म्हणजे ‘डमरू’.

वाळूच्या घड्याळाशी त्या मुलांचा संबंध येण्याचे काही कारण नव्हते. मधे चिमटलेला, दोन्ही टोकांना रुंद असा आकार त्यांनी पाहिला होता तो मदाऱ्याच्या हातात किंवा शंकराच्या चित्रात. आकार त्यांनी अचूक ओळखला. ‘थांबा’ हा त्याचा संदेश मात्र त्यांना वापरातूनच शोधून काढावा लागला. पडद्याची रचना करणाऱ्यांच्या दृष्टीने हा मोलाचा अभिप्राय होता. तो पोहोचवण्याची सोय मात्र कोठेच नव्हती, कारण त्या पडद्याचा आराखडा दोन दशकांपूर्वीच ठरून गेला होता.

तो ठरताना लोकांना विचारले गेले नव्हते, असे मात्र नाही. १९७०च्या दशकाच्या मध्यात कॅलिफोर्नियातील झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत लॅरी टेस्लर आणि टिम मॉट हे ‘जिप्सी’ नावाची संपादन-प्रणाली रचत होते. ती वापरणार होते जिन अँड कंपनी या झेरॉक्सच्याच पाठ्यपुस्तक प्रकाशन संस्थेतील संपादक. मॉट यांनी त्या संपादकांना कोऱ्या पडद्यासमोर बसवले. पुढे कळफलक आणि माउस. पडद्यावर मजकूर आहे असे समजा आणि तो कसा दुरुस्त कराल ते सांगा, एवढीच विनंती. संपादक रोज कात्रीने कागद कापत आणि डिंकाने चिकटवत. म्हणून प्रणालीतही ‘कापा’ आणि ‘चिकटवा’ याच आज्ञा आल्या. आज कोट्यवधी लोक दिवसातून कितीदा तरी ‘कट’ आणि ‘पेस्ट’ करतात, त्यामागे त्या संपादकांची मेजे आहेत. १९८१मध्ये बाजारात आलेल्या झेरॉक्स स्टारसाठी तर चित्रचिन्हांचे चार वेगवेगळे संच तयार करून ते लोकांपुढे तपासले गेले.

अशा चाचण्यांत केव्हा काय हाती लागेल याचा नेम नसतो. अ‍ॅपलच्या लिसा संगणकाच्या चाचणीत एक जण पडद्यावरच्या एका बटणापाशी अडखळला आणि चिडला. बटणावर ‘डू इट’, म्हणजे ‘करा’, असे लिहिलेले होते. दोन शब्दांमधली जागा इतकी कमी आणि अक्षरांचे वळण असे की त्याने ते ‘डोल्ट’ वाचले. इंग्रजीत त्याचा अर्थ मठ्ठ! यंत्र आपल्याला मूर्ख का म्हणते आहे, हा त्याचा प्रश्न होता. बटणावर ‘ओके’ आले ते त्यानंतर.

या साऱ्या प्रसंगांत विचारले गेले ते कार्यालयात काम करणारे, इंग्रजी वाचणारे लोक. त्यामुळे पडद्याने रूप घेतले तेही त्यांच्याच मेजाचे. त्यावर फायली आल्या, फोल्डर आले आणि कचऱ्याची टोपलीही आली.

विचारण्याची याहून धीट पद्धत उत्तर युरोपात घडली. १९८१ ते १९८५ या काळात ‘युटोपिया’ हा प्रकल्प चालला. त्यात छपाई कामगारांच्या संघटना आणि स्वीडन-डेन्मार्कमधील संशोधक एकत्र आले होते. वृत्तपत्रांच्या पानांची जुळणी संगणकावर जाणार हे उघड होते. प्रश्न एवढाच होता की तो संगणक कामगाराचे कौशल्य जपणार की पुसून टाकणार. संशोधकांनी आरंभी आपल्या सवयीप्रमाणे लेखी वर्णने आणि आकृत्या पुढे ठेवल्या. कामगारांना त्यांतून काही बोध होईना. तेव्हा सरळ पुठ्ठा, कागद आणि लाकूड वापरून कामाची जागाच उभी करण्यात आली. पडद्याच्या जागी कागद लावायचे, आणि आज्ञा दिली की माणसाने हाताने पुढचा कागद लावायचा. लेझर प्रिंटर म्हणून एक रिकामे खोके ठेवले होते आणि त्यावर तसे लिहिले होते! मेजावर मावेल असा लेझर प्रिंटर तेव्हा बाजारात जवळपास नव्हताच.

पेले एन आणि मॉर्टन क्युंग यांनी पुढे या ‘पुठ्ठ्याच्या संगणकां’वर एक निबंध लिहिला. चकचकीत नमुना पाहून सामान्य माणूस बिचकतो, पुठ्ठा मात्र तो स्वतः कापू धजतो, असा अनुभव त्यात दिसतो. पानजुळणी करणारा कामगार खोके हाताला अडले तर ते उचलून दुसरीकडे ठेवू शकत असे. ही दुरुस्ती प्रश्नावलीतून क्वचितच मिळाली असती.

भारताच्या वाट्याला हा पुठ्ठ्याचा टप्पा आलाच नाही. येथे पडदा आला तो पक्का होऊन, इंग्रजीतून. त्याला हात लावण्याची पहिली मोठी संधी मिळाली ती मुक्त सॉफ्टवेअरमुळे. २०००च्या आसपासपासून इंडलिनक्ससारख्या गटांतील स्वयंसेवक ग्नोम आणि केडीई या पडद्यांवरील शब्द हिंदी, बांगला, तमिळ, मराठी अशा भाषांत आणू लागले. पण एकाच आज्ञेला प्रत्येक गट वेगळा शब्द देई, आणि वापरणारा गोंधळे. यावर उपाय म्हणून २००८मध्ये ‘फ्युएल’ हा उपक्रम सुरू झाला. पडद्यावर वारंवार दिसणाऱ्या शब्दांची यादी करायची, भाषेच्या जाणकारांना आणि वापरणाऱ्यांना एकत्र बसवायचे आणि एकेका शब्दावर चर्चा करून निर्णय घ्यायचा. आरंभ हिंदीपासून झाला. हिंदी पडद्यावर ‘सेव्ह’साठी ‘सहेजें’ हा शब्द रुळला, आणि ‘सहेजना’ हे क्रियापद घरातल्या वस्तू निगुतीने जपून ठेवण्याचे आहे. मराठीतही ‘जतन करा’ की ‘साठवा’ हा प्रश्न अशाच जातीचा आहे. दोन्ही शब्द निरनिराळ्या पडद्यांवर आजही सापडतात.

हे काम मोलाचे होते, पण त्याची मर्यादाही स्पष्ट होती. बदलता येत होते ते शब्द. मेज, फायली आणि टोपली जागच्या जागीच राहिल्या. कालकाजीच्या प्रयोगावर मार्क वॉर्शावर यांनी २००२मध्ये आक्षेप घेतला होता, की मुले मुख्यतः चित्रे काढतात आणि खेळ खेळतात, आणि त्यांच्या हिंदीत त्या संगणकावर जवळपास काहीच नाही. आक्षेप शिक्षणपद्धतीवर होता. पडद्याच्या रचनेलाही तो तितकाच लागू पडतो. पुढे असे संगणक महाराष्ट्रात सिंधुदुर्ग जिल्ह्यातील गावांतही बसवले गेले आणि तेथील मुलांच्या गणितातील प्रगतीचा अभ्यासही झाला. मुले काय शिकली याचे मोजमाप वारंवार होत गेले. पडद्यावर काय बदलावे, हा प्रश्न मुलांना विचारण्याची व्यवस्था मात्र या प्रयोगाचा भाग नव्हती.

२००७च्या जानेवारीत विंडोज व्हिस्टा बाजारात आले. त्यात प्रतीक्षेच्या खुणेसाठी वाळूच्या घड्याळाऐवजी फिरणारे निळे कडे होते. कालकाजीचा डमरू पडद्यावरून गेला, सुई मात्र अजून आहे.