अक्षहृदय : बेहड्याच्या फळांपासून विजेच्या चक्रापर्यंत



गेल्या पोळ्यानंतर माझा एक जुना विद्यार्थी अचलपुरास माझ्या घरीं आला. शाळेंत असतांना तो अंकगणितांत बरा होता. त्यानें पिशवींतून एक दोनशें पानी वही काढून माझ्या पुढ्यांत ठेवली. वहींत तारखा होत्या, आणि प्रत्येक तारखेपुढें आंकडे. आठ महिन्यांचे, एक दिवसहि न चुकतां लिहिलेले. "गुरुजी, यात काही तं हिशेब असनच. तुम्ही पाहून सांगा," असें तो म्हणाला. आंकडे कसले, हें विचारण्याची गरज नव्हती. वऱ्हाडांतील बाजारपेठांत ज्याला 'वरली' म्हणतात त्या खेळाचे ते होते. शेवटच्या पानांवर मोबाइलवरील एका फिरत्या चक्राच्या खेळाचे डाव होते, व त्यांतील कांहींपुढें तांबड्या शाईनें चांदण्या काढल्या होत्या. एका घरानें हुकलेले ते डाव, असें त्यानें सांगितलें. त्या वहीपायीं त्याच्या घरांतून काय काय गेलें तें येथें सांगण्याचा मला अधिकार नाहीं.

परंतु त्याचा प्रश्न पोरकट नव्हता. जुगारांत मोजण्याजोगें कांहीं असतें काय, हा प्रश्न आपल्या विदर्भाच्याच एका कथेंत फार पूर्वीं येऊन गेला आहे.

महाभारताच्या वनपर्वांत नलाचें आख्यान आहे. निषध देशाचा राजा नल पुष्कराशीं द्यूत खेळून राज्य हरला आणि दमयंतीला अरण्यांत टाकून निघून गेला. दमयंती ही विदर्भराज भीमाची कन्या. तिचें माहेर कुंडिनपूर. परंपरेप्रमाणें तें आपल्या अमरावती जिल्ह्यांतील, वर्धेच्या कांठचें कौंडिण्यपूर होय. पुढें नल बाहुक या नांवानें अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथि झाला. दमयंतीचें दुसरें स्वयंवर असल्याचें ऐकून ऋतुपर्ण विदर्भाकडे निघाला असतां वाटेंत बेहड्याचें झाड लागलें. राजानें रथांतून नुसतें पाहून सांगितलें कीं, याच्या दोन फांद्यांवर पांच कोटि पानें आणि २०९५ फळें आहेत. नलानें रथ थांबवून मोजणी केली, ती बरोबर भरली. राजा म्हणाला, मी अक्षहृदय जाणतों आणि संख्याशास्त्रांत निपुण आहें. नलानें आपली अश्वविद्या देऊन ती विद्या घेतली, आणि ती मिळतांच त्याच्या देहांत शिरलेला कलि बाहेर पडला.

लहानपणीं ही कथा ऐकतांना मला कोडें पडे कीं, झाडाचीं पानें मोजण्याचा आणि फाशांचा संबंध काय? आपल्या डोळ्यांपुढें येतो तो ठिपक्यांचा चौकोनी फासा. वेदकाळचे अक्ष तसे नव्हते. तीं बेहड्याचीं फळेंच होतीं. विद्वानांच्या मतें त्यांच्या ढिगांतून मूठभर घेऊन चार-चारांनीं मोजीत. बाकी न उरली तर कृत, तीन उरलीं तर त्रेता, दोन उरलीं तर द्वापर आणि एक उरलें तर कलि. युगांना जीं नांवें आहेत तींच हीं. अशा खेळांत ज्याला ढीग पाहतांच संख्या कळते तो कसा हरणार? ऋतुपर्णाचें अक्षहृदय म्हणजे मंत्रतंत्र नव्हे, ती झटपट गणनेची विद्या होती. बेहडा आजहि आमच्या मेळघाटाच्या रानांत आहे. वैद्य त्याला त्रिफळ्यांतील एक म्हणून ओळखतात, जुगाराशीं त्याचें असलेलें नातें सारे विसरले.

या खेळांतील एकच गोष्ट ध्यानांत ठेवावी, म्हणजे पुढचा इतिहास समजण्यास सोपा जाईल. ढीग दोन्ही खेळाडूंच्या समोर उघडा पडलेला असे.

वऱ्हाडचा आंकड्याशीं दुसरा संबंध आला तो कापसावरून. १८५३ सालीं निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं आला. १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें, तिकडचा कापूस इंग्लंडास मिळेनासा झाला, आणि इकडच्या कापसाला कधीं नव्हे तो भाव आला. १८६७ सालीं आगगाडी वऱ्हाडांतून नागपुरास पोंचली. १८७० सालीं समुद्राच्या तळावरून टाकलेली तार मुंबईस येऊन इंग्लंडशीं जोडली गेली, आणि त्याच सालीं न्यूयॉर्कचा कापूस-बाजार स्थापन झाला. अमरावती-खामगांवच्या बाजारांतील गाडीवानाला ठाऊक नव्हतें, पण त्याच्या गाडींतील कापसाचा भाव आतां सातासमुद्रांपलीकडील एका फलकाशीं बांधला गेला होता. मूर्तिजापुराहून अचलपुरास येणारी, आज बंद पडलेली आमची 'शकुंतला' हीहि याच कापसासाठीं जन्मास आली.

मुंबईला पैजेचें व्यसन नवें नव्हतें. तेथें पावसावरसुद्धां पैजा लागत. १८८७ सालीं जुगारबंदीचा कायदा झाला, तरी पावसाच्या पैजा बंद करण्यास १८९० सालीं तो पुन्हा दुरुस्त करावा लागला. पाऊस मात्र बारमाही नाहीं. न्यूयॉर्कचा भाव बारमाही आहे. तो ठराविक वेळीं येतो, मुंबईंतील कोणाच्याहि हातांत नसतो, आणि त्याचा शेवटचा अंक काय येईल हें कोणीहि सांगूं शकत नाहीं. जुगाऱ्याला आणखी काय हवें! कापसाची एक सरकीहि न पाहिलेले लोक बाजार उघडतांनाच्या आणि मिटतांनाच्या भावावर पैसे लावूं लागले. तारेनें आणि पुढें टेलिप्रिंटरनें आलेले हे आंकडे गल्लोगल्लीं पसरत.

१९६१ सालीं न्यूयॉर्ककडून हे भाव येणें थांबलें. धंदा बुडावयाचा, पण तो बुडाला नाहीं. मुंबईंत कल्याणजी भगत आणि रतन खत्री या दोन नांवांभोंवतीं नवा खेळ उभा राहिला. आंकड्यांच्या चिठ्ठ्या मडक्यांत घालून काढीत, म्हणून तो मटका. पुढें चिठ्ठ्या जाऊन पत्ते आले. तीन पत्ते काढावयाचे, त्यांची बेरीज करावयाची आणि एकंस्थानचा अंक घ्यावयाचा. दुर्री, पंजी आणि अठ्ठी निघाली तर बेरीज पंधरा, अंक पांच. कापूस गेला, तार गेली, तरी 'ओपन' आणि 'क्लोज' हे बाजारी शब्द तसेच राहिले. मडकें गेलें तरी मटका राहिला. खत्री २०२० सालीं वारले. वरलीचे आंकडे अजून आमच्याकडे चहाच्या टपरीवर ऐकूं येतात.

यांतील नफ्याचें गणित चौथींतल्या मुलालाहि येईल. अंक दहा आहेत. अचूक अंकाला रुपयास नऊ मिळतात. दहाहि अंकांवर एकेक रुपया लावला तर दहा जातील आणि नऊ येतील. म्हणजे रुपयामागें सरासरी दहा पैसे चालविणाऱ्याच्या गल्ल्यांत. हें गणित लपलेलें नाहीं. तें कोणी करीत नाहीं इतकेंच.

आतां यंत्राकडे वळतों. अमेरिकेंत ब्रुकलिन येथें १८९१ सालीं सिटमन आणि पिट या जोडीनें पत्त्यांचीं चित्रें असलेलीं पांच पिंपें फिरविणारें यंत्र काढलें. नाणें टाकावें, दांडा ओढावा आणि पिंपें थांबलीं कीं हातीं कोणते पत्ते आले तें पाहावें. पत्ते बावन्न असावयाचे, पण यंत्रांत पन्नासच असत. इस्पिकचा दश्शा आणि बदामचा गुलाम वगळलेले असत. त्यामुळें सर्वांत मोठा डाव लागण्याचा संभव निम्म्यावर येई. यंत्राच्या जन्मापासून ही चतुराई त्याच्या पोटांत आहे. तें यंत्र स्वतः पैसे देत नसे. दुकानदार चिरूट किंवा पेय देई. पैसेहि स्वतःच मोजून देणारें यंत्र सॅन फ्रान्सिस्कोच्या चार्ल्स फे या कारागिरानें त्याच दशकांत केलें. त्यानें पांच पिंपांचीं तीन चाकें केलीं आणि पत्त्यांच्या गर्दीऐवजीं नाल, घंटा अशीं पांचच चिन्हें ठेवलीं. तीन घंटा एका ओळींत आल्या कीं दहा नाणीं खालीं पडत. त्या यंत्राचें नांव 'लिबर्टी बेल'. नाणें टाकण्याच्या फटीला इंग्रजींत स्लॉट म्हणतात, त्यावरून या जातीला स्लॉट मशीन हें नांव पडलें. कायद्याला चकविण्यासाठीं पुढें चाकांवर फळांचीं चित्रें आलीं आणि बक्षीस म्हणून त्या त्या स्वादाचा चघळण्याचा डिंक देऊं लागले. बेहड्याचें फळ जुगारांतून गेलें तरी फळें कांहीं सुटलीं नाहींत!

या यंत्रांत तारा, दांते आणि खांचा होत्या. चाक थांबे तें खांचेंत दांता अडकून. झांकण उघडून पाहिलें तर कोणत्या चाकावर कोणतें चित्र किती वेळां आहे हें मोजतां येई. १९६३ मध्यें बॅली कंपनीनें विजेचें यंत्र आणलें. त्याच्या पोटांत नाण्यांची कोठी होती आणि मोठें बक्षीसहि तें कोणाच्या मदतीवांचून देई. १९७६ सालीं चाकेंच गेलीं आणि दूरदर्शन-संचाच्या पडद्यावर त्यांचीं चित्रें फिरूं लागलीं. तथापि माझ्या मतें खरा पालट १९८४ सालचा. त्या वर्षीं इंगे टेल्नेस नांवाच्या संशोधकाला एक पेटंट मिळालें. तें समजून घेण्यासारखें आहे.

समजा, चाकावर २२ जागा आहेत. तीन चाकांचे एकंदर मेळ २२ गुणिलें २२ गुणिलें २२, म्हणजे १०,६४८ होतात. प्रत्येक चाकावर मोठ्या बक्षिसाचें चिन्ह एकच असेल तर इतक्या डावांत तें सरासरी एकदां लागेल. मालकाला लाखोंचें बक्षीस ठेवावयाचें असेल तर हा संभव फार मोठा झाला. चाक मोठें करावें तर गिऱ्हाईक बिचकतें. टेल्नेसनें चाक तसेंच ठेवलें आणि संगणकाच्या स्मृतींत दुसरें, न दिसणारें चाक कल्पिलें. त्याला, उदाहरणार्थ, ६४ जागा. संगणक आधीं या ६४ तून एक संख्या निवडतो, आणि मग ती संख्या दिसणाऱ्या चाकावरील ज्या जागेला नेमून दिली असेल तेथें चाक आणून थांबवितो. बक्षिसाच्या चिन्हाला एकच संख्या दिली, रिकाम्या जागांना पुष्कळ दिल्या, कीं काम झालें. आतां मेळ २,६२,१४४. खेळणारा २२ घरांचें चाक पाहतो आणि ६४ घरांच्या चाकाशीं खेळतो. शिवाय बक्षिसाच्या लगत वरच्या-खालच्या रिकाम्या घरांना अधिक संख्या नेमतां येतात. मग चिन्ह वारंवार रेषेच्या किंचित् वर किंवा किंचित् खालीं येऊन थांबतें, आणि खेळणाऱ्याला वाटतें, अरे, थोडक्यांत हुकलें! हें वाचलें तेव्हां मला त्या वहींतील तांबड्या चांदण्या आठवल्या. पडद्यावरच्या खेळांत तर संख्या आधीं ठरते आणि चित्र मागाहून काढलें जातें. तेथें 'एका घरानें' या शब्दांना कांहींच अर्थ नाहीं.

मग ती संख्या येते कोठून? संगणकाला मूठ नाहीं, पत्ते पिसण्यास हात नाहींत. त्याला येतें तें गणित. १९४९ च्या सुमारास लेहमर या अमेरिकन गणितज्ञानें एक रीत सुचविली : हातच्या संख्येला एका ठराविक संख्येनें गुणावें, दुसऱ्या ठराविक संख्येनें भागावें आणि बाकी तेवढी ठेवावी, तीच पुढची संख्या. तिच्याच एका भावंडाचें छोटें उदाहरण देतों. ७ घ्या, पांचानें गुणा, तीन मिळवा, सोळानें भागा, बाकी ६. पुन्हा तसेंच करा; १. मग ८, मग ११, मग १०, मग ५. पाहणाऱ्याला यांत क्रम दिसत नाहीं, पण एकहि संख्या आपल्या मनानें आलेली नाहीं. यंत्रांत हेंच काम फार मोठ्या संख्यांनीं आणि अधिक गुंतागुंतीच्या रीतींनीं, कोणी खेळत नसतांनाहि क्षणोक्षणीं चालूं असतें. बटण दाबलें त्या क्षणाची संख्या आपल्या वांट्यास येते. वेदकाळीं चारानें भागून बाकी पाहत, आज प्रचंड संख्येनें भागून पाहतात. ढीग मात्र आतां पेटींत बंद आहे.

तो उघडणाराहि कोणी निघालाच. २०१४ सालीं अमेरिकेंतील सेंट लुईसच्या एका कॅसिनोंत एक रशियन मनुष्य जुन्या यंत्रापुढें मोबाइल धरून बसे. वीस-पंचवीस डावांचें चित्रण तो सेंट पीटर्सबर्गला धाडी. तेथील मंडळींनीं त्या जातीच्या यंत्रांतील गणित उलगडलें होतें. आतां संख्याक्रम कोठें आला आहे हें ते काढीत, आणि बटण दाबण्याची वेळ आली कीं त्याच्या खिशांतील मोबाइल थरथरे. रशियानें २००९ सालीं बहुतेक जुगारगृहें बंद केल्यावर तेथील यंत्रें स्वस्तांत विकलीं गेलीं होतीं, त्यामुळें तीं खोलून पाहण्यास सांपडलीं. हे आजच्या काळचे ऋतुपर्णच म्हणावयाचे; फक्त यांना पुढें तुरुंग पाहावा लागला.

आपल्याकडे महाराष्ट्रानें १९७६ सालीं कॅसिनोचा कायदा केला, पण तो कधीं अमलांतच आला नाहीं. २०२३ मध्यें मंत्रिमंडळानें तो रद्द करण्याचें ठरविलें. गोव्यानें १९९२ मध्यें पंचतारांकित हॉटेलांत अशा यंत्रांना वाट दिली, १९९६ मध्यें जहाजांवर टेबलावरच्या खेळांना, आणि मांडवींत दिव्यांच्या झगमगाटांत तीं जहाजें उभीं राहिलीं. वऱ्हाडांतून गोव्यास जाणारे थोडे. वऱ्हाडाकडे तें यंत्र मोबाइलमधून आलें. २०२५ च्या ऑगस्टांत संसदेनें पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आहे. वही माझ्याकडे आली ती या सगळ्यानंतर.

मीं तिच्यांतील वरलीचे अंक एकेक करून मोजले. दोन दिवस लागले. शून्यापासून नवापर्यंत सगळे जवळजवळ सारखेच भरले. विद्यार्थ्याला कोष्टक दाखविलें. तो बराच वेळ पाहत बसला आणि सर्वांत कमी आलेल्या अंकावर बोट ठेवून म्हणाला, "म्हंजे आता याचाच नंबर न गुरुजी?"

पत्त्यांना मागचा डाव आठवत नाहीं, हें त्याला तोंडानें सांगून पटेना. शेवटीं मीं एक नाणें काढलें आणि त्याच्याच वहीच्या कोऱ्या पानावर शंभर वेळां छापा-कांटा लिहून घेतला. लागोपाठ पांच छापे पडल्यावर सहावा काय येईल, हें प्रत्येक वेळीं त्याला आधीं सांगावयास लावलें. तो आतां दर रविवारीं येतो. सध्यां आम्ही अपूर्णांकांच्या गुणाकारापर्यंत आलों आहों.