अग्निशमन प्रशिक्षणाच्या साहित्यासाठी अनुदान कसे मिळते?

मध्य प्रदेशातील जबलपूर येथे १ ऑगस्ट २०२२ रोजी एका खासगी रुग्णालयास लागलेल्या आगीत आठ जणांचा मृत्यू झाला. धुराने कोंडलेल्या इमारतीतून रुग्णांना बाहेर काढणे हे केवळ धाडसाचे काम नाही, ते सरावाचे काम आहे. सरावासाठी लागणारे साहित्य मात्र महाग असते. त्यासाठी अनुदान कोठून व कसे मिळते, याची ही माहिती.

जबाबदारी कोणाची?

राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपविता येणारे १८ विषय नमूद आहेत. अग्निशमन सेवा हा त्यांपैकी एक. जबलपूरमध्ये ही सेवा महापालिकेकडे आहे. खमरिया येथील दारूगोळा निर्मिती कारखान्यामुळे या शहरात प्रशिक्षित मनुष्यबळाची गरज अधिकच जाणवते.

केंद्राची योजना

राज्यांतील अग्निशमन सेवांचा विस्तार व आधुनिकीकरण यासाठी केंद्रीय गृह मंत्रालयाने ४ जुलै २०२३ रोजी ५,००० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद निधीचा १२.५ टक्के भाग सज्जता व क्षमताबांधणीसाठी राखून ठेवण्यात आला होता. त्यातून ही रक्कम देण्यात आली. यापैकी ५०० कोटी रुपये कायदेशीर व पायाभूत सुधारणा करणाऱ्या राज्यांना प्रोत्साहन म्हणून ठेवण्यात आले. नवी अग्निशमन केंद्रे व आधुनिक उपकरणे यांबरोबरच राज्य प्रशिक्षण केंद्रांचे बळकटीकरण हेही योजनेचे उद्दिष्ट होते.

प्रकल्पखर्चाच्या २५ टक्के रक्कम राज्याने स्वतः उभारावी, अशी अट होती. ईशान्येकडील व हिमालयीन राज्यांसाठी हा हिस्सा १० टक्के होता. आयोगाचा कालावधी २०२५-२६ अखेर संपला. १ एप्रिल २०२६ पासूनची वर्षे सोळाव्या वित्त आयोगाच्या कक्षेत येतात. त्यामुळे अर्जापूर्वी त्या वर्षी लागू असलेली मार्गदर्शक तत्त्वे पाहणे आवश्यक आहे.

अर्जाचा मार्ग

या योजनेत प्रस्ताव राज्य सरकारमार्फत केंद्राकडे जात असे. केंद्रीय गृहमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय समिती त्यांना मंजुरी देत असे. म्हणजेच महापालिकेची मागणी राज्याच्या आराखड्यात वेळेवर समाविष्ट झाली नाही, तर तिचा विचारच होत नाही.

मागणी नेमकी असावी. बंब व शिड्या सर्वांच्या नजरेस पडतात. श्वसन उपकरणे, धुरातील सरावाची खोली, सराव मनोरा व हायड्रॉलिक कटर यांची गरज मात्र कागदावर पटवून द्यावी लागते. दलातील जवानांची संख्या, उपलब्ध व नादुरुस्त साहित्य, गेल्या काही वर्षांतील दुर्घटना, प्रत्येक वस्तूचा तांत्रिक तपशील व अंदाजित किंमत यांचा प्रस्तावात समावेश असावा. श्वसन उपकरणाबरोबर जादा सिलिंडर, ते भरण्याचा कॉम्प्रेसर व वार्षिक देखभाल यांचाही खर्च धरावा. अन्यथा सरावात सिलिंडर रिकामे झाले की उपकरण पडून राहते.

साहित्य हाताळण्यास कोण शिकवणार, हेही स्पष्ट करावे. नागपूर येथील राष्ट्रीय अग्निसेवा महाविद्यालयात देशभरातील अग्निशमन अधिकाऱ्यांना प्रशिक्षण दिले जाते. १९५६ मध्ये रामपूर येथे स्थापन झालेली ही संस्था १९५७ मध्ये नागपुरात आली. येथे शिकून परतलेला अधिकारी आपल्या दलातील जवानांना शिकवू शकतो.

अन्य स्रोत

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठराविक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी लागते. आपत्ती व्यवस्थापनाचा या कार्यांच्या यादीत समावेश आहे. छोट्या मागणीसाठी स्थानिक उद्योगांकडे अर्ज करणे त्यामुळे शक्य होते.

मंजुरीनंतर निविदा, साठा नोंदवही व उपयोगिता प्रमाणपत्र यांची पूर्तता करावी लागते. प्रमाणपत्र रखडल्यास पुढील निधीही रखडू शकतो. सरावाची तारीखवार नोंद ठेवल्यास साहित्य प्रत्यक्ष वापरात असल्याचा पुरावा मिळतो. पुढील अर्जासाठी तो उपयुक्त ठरतो.