रेषेपलीकडचे कुरण

चांगथांगच्या पोस्टिंगमधली एक सकाळ आठवते. एक वयस्कर चांगपा मेंढपाळ पशमिना बकऱ्या घेऊन पुढच्या कुरणाकडे निघाला होता. मी अडवले, "मेमे-ले, आगे नहीं." तो काही बोलला नाही. स्वतःशीच गुणगुणत त्याने कळप वळवला. हुकूम बरोबर होता, तरी ती गुणगुण डोक्यातून जाईना.

त्याच हिवाळ्यात बुखारीशेजारी बसून मी निल्स-आस्लाक वाल्केआपा यांच्याविषयी वाचले. हे उत्तर युरोपातल्या सामी जमातीचे कलावंत. पिढ्यान्‌पिढ्या सामी लोकांचे रेनडिअर हिवाळ्यात आतल्या जंगलात आणि उन्हाळ्यात नॉर्वेच्या किनाऱ्यावर चरत. १८५२ साली नॉर्वे आणि रशियाच्या ताब्यातला फिनलंड यांच्यातली सीमा कळपांना बंद झाली. आज ही जमात नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशिया अशा चार देशांत विभागली आहे.

वाल्केआपा १९४३ साली फिनलंडमध्ये, रेनडिअर पाळणाऱ्या घरात जन्मले. शिक्षण शिक्षकाचे घेतले, पण आयुष्य दिले कलेला. 'योइक' हे सामींचे पारंपरिक गाणे. योइक एखाद्या माणसावर रचत नाहीत, त्या माणसालाच सुरात उभे करतात, असे सामी मानतात. मिशनऱ्यांनी ते पाप ठरवले होते. वाल्केआपांनी १९६८ मध्ये त्याची तबकडी काढली, तीही गिटारच्या साथीने! शिवाय ते कवी, चित्रकार, छायाचित्रकार, संगीतकार होते. १९८७ च्या 'पाथफाइंडर' चित्रपटात त्यांनी संगीताबरोबर भूमिकाही केली.

मला सर्वांत भावले ते १९८८ चे पुस्तक, 'सूर्य, माझा पिता'. युरोपच्या संग्रहालयांत पडून असलेली सामी माणसांची जुनी छायाचित्रे त्यांनी शोधून काढली आणि स्वतःच्या कवितांशेजारी छापली. परक्यांनी टिपलेले पूर्वज असे घरी परतले. १९९१ मध्ये या पुस्तकाला नॉर्डिक कौन्सिलचा साहित्य पुरस्कार मिळाला. भाषांतरांत मात्र ती छायाचित्रे छापू द्यायची नाहीत, हा त्यांचा आग्रह. ती फक्त सामी आवृत्तीत राहिली.

१९९४ च्या लिलेहॅमर हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनाला जगाने त्यांचा योइक ऐकला. २००१ मध्ये ते गेले.

सीमा राखणे हे माझे काम. त्याबद्दल मनात शंका नाही, आणि उद्या पुन्हा त्या जागी उभा राहिलो तर मेमेंना थांबवीनच. पण परत फिरण्याआधी त्यांना चहा देईन आणि विचारीन, काय गुणगुणत होतात?

जय हिंद.