राज्य विद्यापीठातून खासगी विद्यापीठात : निर्णयापूर्वी हे तपासा

पदवीच्या पहिल्या वर्षाचा निकाल हाती आला की अनेक घरांत एक जुनाच प्रश्न पुन्हा चर्चेला येतो. आहे त्याच महाविद्यालयात राहावे की एखाद्या खासगी विद्यापीठात प्रवेश घ्यावा? एकीकडे रखडणारे निकाल, रिकाम्या प्राध्यापकपदांमुळे न होणारे तास आणि भरगच्च वर्ग असतात. दुसरीकडे प्रशस्त संकुल, नवा अभ्यासक्रम आणि नोकरीची आश्वासने खुणावत असतात. राज्य विद्यापीठांविषयीची नाराजी निराधार आहे, असेही म्हणता येत नाही. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिकांचे संगणकीय मूल्यांकन घाईने सुरू केले. त्या वर्षी निकाल कमालीचे लांबले आणि अखेर कुलगुरूंना पद गमवावे लागले. तरीही विद्यापीठ बदलणे हे महाविद्यालय बदलण्याइतके सोपे नाही. त्यात पैसा, वेळ आणि काही वेळा एक अख्खे शैक्षणिक वर्ष पणाला लागते.

आधी विद्यापीठाचा प्रकार ओळखा

बोलण्यात 'खासगी विद्यापीठ' हा शब्द सरसकट वापरला जात असला, तरी कायद्याच्या दृष्टीने त्यात दोन वेगळे प्रकार येतात. विद्यापीठ अनुदान आयोग कायदा, १९५६ च्या कलम ३ अन्वये केंद्र सरकार ज्या संस्थेला दर्जा देते, ते अभिमत विद्यापीठ. पुण्याचे टिळक महाराष्ट्र विद्यापीठ हे त्याचे जुने उदाहरण असून त्याला हा दर्जा १९८७ मध्ये मिळाला. राज्य विधिमंडळाने कायदा करून स्थापन केलेले ते खासगी किंवा स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठ. महाराष्ट्रात अशी विद्यापीठे प्रामुख्याने २०१४ नंतर उभी राहिली. मुंबई किंवा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठासारखी सार्वजनिक विद्यापीठे २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानुसार चालतात.

हा फरक केवळ तांत्रिक नाही. सार्वजनिक विद्यापीठ शेकडो महाविद्यालयांना संलग्नता देते. खासगी विद्यापीठाला मात्र आयोगाच्या २००३ च्या नियमांनुसार महाविद्यालये संलग्न करून घेता येत नाहीत. त्यामुळे एखाद्या गल्लीतील संस्था 'आम्ही अमुक खासगी विद्यापीठाशी संलग्न आहोत' असे सांगत असेल, तर तेथूनच मागे फिरावे. पदवी देण्याचा अधिकार कोणाला आहे, हे आयोगाच्या कायद्याच्या कलम २२ मध्ये स्पष्ट केलेले आहे. विद्यापीठाचे नाव आयोगाच्या अधिकृत यादीत आहे का, हे पाहणे ही पहिली पायरी होय. विधी, औषधनिर्माण, वास्तुशास्त्र अशा अभ्यासक्रमांना संबंधित राष्ट्रीय परिषदेची मान्यताही लागते. ती विद्यापीठाला सरसकट नव्हे, तर नेमक्या त्या अभ्यासक्रमाला आणि त्या वर्षासाठी आहे का, हे तपासावे.

छत्तीसगडचा धडा

मान्यतेची ही चौकशी निव्वळ औपचारिकता नाही, हे छत्तीसगडमधील घटनेने दाखवून दिले. त्या राज्याने २००२ मध्ये खासगी विद्यापीठांसाठी कायदा केला आणि अल्पावधीत तेथे शंभराहून अधिक विद्यापीठे कागदोपत्री स्थापन झाली. त्यांपैकी अनेकांकडे स्वतःची इमारत, ग्रंथालय वा अध्यापकवर्ग असे काहीच नव्हते. आयोगाचे माजी अध्यक्ष, शास्त्रज्ञ प्रा. यशपाल यांनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. ११ फेब्रुवारी २००५ रोजी न्यायालयाने त्या कायद्यातील संबंधित तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या आणि ही विद्यापीठे एका निकालाने अस्तित्वहीन झाली. विद्यार्थ्यांचे नुकसान होऊ नये म्हणून तेथील संस्थांना राज्यातील आधीच्या विद्यापीठांशी जोडून घेण्याचा मार्ग न्यायालयाने सुचवला. खासगी विद्यापीठावर विश्वासून गेलेल्यांना शेवटी आधार द्यावा लागला तो राज्य विद्यापीठांनीच!

पुढे ३ नोव्हेंबर २०१७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने काही अभिमत विद्यापीठांच्या दूरशिक्षणाने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांवरही प्रश्नचिन्ह लावले. २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांना हा फटका इतक्या वर्षांनी बसला. मान्यतेतील त्रुटी नोकरी लागल्यानंतरही पदवीधराचा पाठलाग करू शकते, हे यातून ध्यानात यावे.

श्रेयांकांचे गणित

'दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळेल' असे तोंडी आश्वासन अनेकदा दिले जाते. प्रत्यक्षात आधीच्या अभ्यासक्रमातील किती विषय ग्राह्य धरायचे, हे नवे विद्यापीठ समकक्षता तपासून ठरवते. विषयांचा मेळ बसला नाही, तर राहिलेले विषय नव्याने द्यावे लागतात किंवा पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागते.

आयोगाने २०२१ मध्ये श्रेयांक बँकेची योजना आणल्यापासून विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक त्याच्या नावे जमा राहतात आणि ते साधारणपणे सात वर्षे वापरता येतात. मात्र या योजनेत एक महत्त्वाची अट आहे. पदवी देणाऱ्या संस्थेतूनच किमान ५० टक्के श्रेयांक मिळवलेले असावे लागतात. तीन वर्षांची पदवी १२० श्रेयांकांची धरली, तर पहिल्या वर्षाचे ४० श्रेयांक घेऊन जाणाऱ्यास अडचण येत नाही. दोन वर्षे पूर्ण करून ८० श्रेयांक घेऊन जाणाऱ्याचे मात्र सर्वच श्रेयांक कामी येणार नाहीत. म्हणूनच बदल करायचाच असेल, तर तो पहिल्या वर्षानंतर करणे शहाणपणाचे ठरते. एखादा विषय राहिलेला असल्यास, म्हणजेच 'एटीकेटी' असल्यास, नवे विद्यापीठ प्रवेश देते का, हेही आधीच विचारून घ्यावे.

शुल्क आणि हुकणाऱ्या सवलती

शुल्काचा विचार करताना केवळ पहिल्या वर्षाची रक्कम पाहू नये. उरलेल्या सर्व वर्षांचे शिक्षणशुल्क, दरवर्षी होणारी वाढ, परीक्षा शुल्क, वसतिगृह, खाणावळ आणि अनामत रक्कम यांची एकत्र बेरीज मांडावी. समजा, सध्याच्या महाविद्यालयाचे वार्षिक शुल्क २० हजार रुपये आहे आणि नव्या विद्यापीठाचे दोन लाख. मग उरलेल्या दोन वर्षांचा फरक केवळ शुल्कापोटीच तीन लाख ६० हजारांवर जातो. यात एखादे वर्ष पुन्हा करावे लागले, तर दोन लाखांची भर पडते, शिवाय कमाई एक वर्षाने लांबते ती वेगळीच.

सवलतींचा मुद्दाही पालकांच्या नजरेतून सुटतो. राज्य सरकारच्या शुल्क प्रतिपूर्तीच्या काही प्रमुख योजनांतून खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे वगळण्यात आलेली आहेत. २०२४-२५ पासून ठरावीक प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत देणाऱ्या निर्णयातही हीच मर्यादा घालण्यात आली. आज मिळणारी सवलत बदलानंतर टिकेल का, हे त्या वर्षीचा शासन निर्णय वाचूनच ठरवावे. खासगी विद्यापीठ स्वतःची शिष्यवृत्ती देत असेल, तर ती दरवर्षी किती गुण राखल्यास चालू राहते, हे लेखी घ्यावे.

क्रम चुकवू नका

विद्यार्थ्यांचे सर्वाधिक नुकसान होते ते घाईने. जुना प्रवेश रद्द केला आणि नवा मिळाला नाही, तर दोन्हीकडून हात रिकामे राहतात. त्यासाठी पुढील क्रम पाळावा.

१. सर्व सत्रांच्या गुणपत्रिका आणि अभ्यासक्रमाची अधिकृत प्रत नव्या विद्यापीठाकडे देऊन कोणते विषय ग्राह्य धरले जातील, याचे लेखी पत्र घ्यावे.

२. कोणत्या वर्षात प्रवेश मिळेल आणि पदवी केव्हा पूर्ण होईल, याचा त्या पत्रात स्पष्ट उल्लेख असावा.

३. त्यानंतरच महाविद्यालय सोडल्याचा दाखला आणि विद्यापीठाचे स्थलांतर प्रमाणपत्र यांसाठी अर्ज करावा. शक्य असल्यास नवा प्रवेश निश्चित होईपर्यंत जुना रद्द करू नये.

४. शुल्क परतीचे नियम पाहावेत. आयोगाच्या ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेनुसार प्रवेशाच्या अंतिम मुदतीच्या किमान १५ दिवस आधी प्रवेश रद्द केल्यास पूर्ण शुल्क, तर मुदतीनंतर ३० दिवस उलटल्यास काहीच परत मिळत नसे. २०२४-२५ साठी आयोगाने ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण शुल्क परत करण्याचे बंधन घातले होते. मुदती वर्षागणिक बदलतात, त्यामुळे चालू वर्षाचे परिपत्रक पाहावे.

५. मूळ प्रमाणपत्रे पडताळणीनंतर लगेच परत घ्यावीत. ती स्वतःकडे अडकवून ठेवण्यास आयोगाने संस्थांना मनाई केली आहे.

कोणी जावे, कोणी थांबावे?

हवा असलेला विषय सध्याच्या विद्यापीठात उपलब्धच नाही, नव्या ठिकाणी त्या विषयाचे पूर्णवेळ प्राध्यापक व प्रयोगशाळा आहेत आणि शुल्काचा भार कुटुंबाला कर्जाच्या विळख्यात न अडकता पेलता येतो, अशा विद्यार्थ्याने बदलाचा विचार अवश्य करावा. मात्र प्रत्यक्ष तेथे जाऊन, तिसऱ्या वर्षातील विद्यार्थ्यांशी बोलूनच निर्णय घ्यावा. नोकऱ्यांचे आकडे पाहताना सर्वाधिक वेतनाला भुलू नये. आपल्या शाखेतील किती विद्यार्थ्यांना नोकरी लागली आणि त्यांचे मधले वेतन किती, हे विचारावे.

याउलट पदवी हे केवळ स्पर्धा परीक्षेचे वा पदव्युत्तर प्रवेशाचे प्रवेशद्वार असेल, तर तीच पदवी दहापट शुल्क भरून घेण्यात फारसा अर्थ नाही. मधला पर्यायही विसरू नये. राज्य विद्यापीठाच्या छत्राखालील स्वायत्त महाविद्यालये स्वतःचा अभ्यासक्रम आखतात, परीक्षा स्वतः घेतात आणि निकालही स्वतःच लावतात. पदवी मात्र विद्यापीठाचीच मिळते. अनेकांची तक्रार विद्यापीठाविषयी नसून महाविद्यालयाविषयी असते. तसे असेल, तर उपायही तेवढाच लहान असू शकतो.